जाड तार

घराघरांत पांढऱ्या चिनीमातीचे फ्यूज होते, त्या काळातली ही गोष्ट. राजवाडेकाकांच्या फ्यूजमध्ये एक बारीक तार होती. इस्त्री सुरू झाली की तिचा जीव कासावीस व्हायचा, ती वितळायची आणि घरातली वीज जायची.

"आठवड्यात तिसऱ्यांदा तार बदलतोय," काका वैतागले. "हिच्यात दमच नाही."

त्यांनी त्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली.

काढून टाकलेली बारीक तार खालून म्हणाली, "इस्त्रीची वायर आतून उघडी पडलीय गं. ताप वाढला की तूही तूट."

"तुटायला मी काय तुझ्यासारखी आहे?" जाड तार म्हणाली.

पंधरा दिवस वीज गेली नाही. काका सगळ्यांना फ्यूज दाखवत होते. शनिवारी काकू इस्त्री करत असताना भिंतीतल्या तापलेल्या वायरींचा जळका वास आला.

"अहो, आधी मेन बंद करा," काकू ओरडल्या.

काका बोर्डापाशी पोचेपर्यंत पडदा पेटला होता. दोघं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पळाले.

संध्याकाळी काळ्या भिंतीवर जाड तार तेवढी शाबूत होती.

"बघा, मी तुटले नाही," ती सांगत होती. ऐकायला घरात कुणीच नव्हतं.