पिंजाऱ्याचे पांढरे पाहुणे

तंव्‌... तंव्‌... तंव्‌...

फार पूर्वी डोंगरमाथ्यावरच्या एका गावात थंडी पडली, की हा आवाज उजाडल्यापासून सुरू व्हायचा. ज्यांनी तो लहानपणी अंथरुणात पडून ऐकला, ते आता म्हातारे झाले. पण डोळे मिटून बसलं की त्यांना तो अजून ऐकू येतो.

तो आवाज पिंजाऱ्याच्या कमानीचा होता. मोठ्या लाकडी कमानीला ताणून बांधलेली आतड्याच्या दोरीची तात, तिच्यावर ठोकळ्याचा ठोका, आणि त्या ठोक्यासरशी वर्षभर दडपून बसलेला कापूस फुलून वर यायचा, दूध उतू जायला आलं की फेस येतो तसा.

त्या गावातला वारा मोठा कडक होता. वाळत घातलेलं धोतर सकाळी फळीसारखं ताठ व्हायचं. अशा ठिकाणी पिंजाऱ्याला मान असणारच. लग्नाची गादी त्याची, बाळंतिणीची दुलई त्याची, म्हाताऱ्यांच्या दुखऱ्या गुडघ्याखालची उशीही त्याचीच. शिवाय त्याच्या घराची एक जुनी रीत होती. पाहुणा आला की त्याच दिवशी ताजा कापूस पिंजायचा आणि त्याला नवं अंथरूण घालायचं.

"माझ्या घरी पाहुणा कधी कुडकुडला नाही," असं पिंजारी म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

एका वर्षी ऐन थंडीच्या तोंडावर एक खेळवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्याला लाकडी पेटी, पेटीत तीन पांढरे उंदीर. एकाचं नाव तीळ, एकीचं खसखस आणि सगळ्यात लहान होती ती राई. पेटीत एक फिरकं चाक होतं, आणि सुपारीएवढी विहीर होती. राई त्या विहिरीच्या काठावर दोन पायांवर उभी राहायची आणि पुढच्या दोन्ही हातांनी दोरा ओढून इवलीशी बादली वर काढायची. ते बघायला अख्खा बाजार गोळा व्हायचा.

खेळवाला मोठा बोलका होता. लोक म्हणायचे, याच्या तोंडाला दार आहे, पण कडी नाही.

"काय रे, आज खेळ कुठं?" पिंजाऱ्यानं विचारलं.

"खेळ बंद, दादा. मी आता आजोबा होणार. घाटापलीकडं पोरीचं बाळंतपण आहे, जायला हवं. पण खिंडीतला वारा या पोरांना सोसायचा नाही. माझं काय, मी म्हातारा उंदीर, कसाही जाईन."

"मग?"

"मग तुमच्याकडं ठेवून जाऊ का? कापूस उडू नये म्हणून तुमच्या घरात वाऱ्याला थारा नाही. साऱ्या गावात एवढं बंदिस्त घर दुसरं नाही."

पिंजाऱ्याला बरं वाटलं. "ठेव की. माझे पाहुणे ते."

खेळवाला उंबऱ्यावर टेकला आणि समजावून सांगू लागला. "पेटी जमिनीवर ठेवू नका, ओल चढते. फळीवर ठेवा. चुलीच्या फार जवळ नको, जीव घाबरा होतो त्यांचा. थंडीत दाणे जरा जास्त घाला. वाटीतलं पाणी सकाळी बघत जा, गारठून दगड होतं. आणि सुकं गवत घाला भरपूर. ते आपलं आपण कुरतडतात, गोल घर करतात आणि तिघं एकमेकांना चिकटून निजतात. ओलं झालं तेवढंच काढा, सगळं घर मोडू नका. तेवढं केलं की बास. कापूस मात्र घालू नका, दादा. कापसानं काय होतं, की—"

"बरं, बरं. कळलं," पिंजारी म्हणाला.

त्याला ते लागलं होतं. पिंजाऱ्याच्या दारात बसून कापूस नको म्हणायचं? खेळवाल्यानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पुढचं बोलणं गिळलं आणि राईला एकदा गालाला लावून पेटीत सोडलं.

"वहिनी, लक्ष असू द्या," आतल्या बाजूला बघत तो म्हणाला. "दादांकडंही, आणि उंदरांकडंही."

पिंजाऱ्याची बायको हसली. खेळवाला घाटाच्या वाटेला लागला.

पिंजाऱ्यानं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. पेटी फळीवर ठेवली, गवत घातलं. उंदरांनी त्या गवताचं नारळाएवढं घर केलं, त्याला बोटभर दार ठेवलं आणि आत जाऊन बसले. भूक लागली की बाहेर यायचे, दाणे खायचे, चाकावर दोन फेऱ्या मारायचे, पुन्हा आत. पिंजारी ठोके घालत असला की राई दारात येऊन कान टवकारायची. त्याला गंमत वाटायची. "ऐकते बघ माझं," तो बायकोला म्हणायचा.

एके दिवशी शेजारची तेलीण उशी भरून न्यायला आली. तिची नजर पेटीवर गेली.

"अगं बाई! पिंजाऱ्याच्या घरी पाहुणे, आणि निजवलेत गवतावर? काय हो भावजी, गवतावर म्हैस निजवतात. उद्या मी मुक्कामाला आले, तर कडबा अंथराल का काय?"

ती हसली, उशी काखेत मारून निघून गेली, आणि आपल्या दारात पोहोचेपर्यंत काय बोलली ते विसरलीसुद्धा. पिंजारी मात्र विसरला नाही.

त्याच आठवड्यात थंडी वाढली. कौलांवरून वारा शीळ घालत जाऊ लागला. पिंजाऱ्याचे स्वतःचे कान ठणकायला लागले. त्यानं पेटीत वाकून पाहिलं. उंदीर दिसत नव्हते. गवत तेवढं हलत होतं.

"कुडकुडतायत बिचारे," तो म्हणाला.

"श्वास घेतायत, म्हणून गवत हलतंय," बायको म्हणाली. "बोट घालून बघा की आत. मी आत्ताच बघितलं. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं ऊन आहे."

"गवतात कसली आलीय ऊब?"

"खेळवाल्यानं सांगितलंय ना, कापूस नको म्हणून?"

"त्याला काय कळतंय कापसातलं?"

"कापसातलं नसेल कळत. उंदरांतलं कळतंय."

बोट आत घालून बघायला क्षण पुरला असता. पण ते पिंजाऱ्यानं केलं नाही. तो उठला, कोपऱ्यातल्या गाठोड्यातून नवा, पांढराधोप कापूस काढला आणि कमान हातात घेतली. राजाच्या गादीला पिंजावा तसा त्यानं तो पिंजला. मग गवताचं घर दोन्ही हातांनी उचलून बाहेर टाकलं आणि पेटी कापसानं काठोकाठ भरली.

तिन्ही उंदीर त्या ढगात बुडून गेले. जरा वेळानं राईचं गुलाबी नाक तेवढं वर आलं. पिंजाऱ्याचे डोळे भरून आले.

"बघ," तो म्हणाला. "याला म्हणतात पाहुणचार."

त्यानं तेलिणीला मुद्दाम बोलावून दाखवलं. दोन-चार शेजारीही येऊन गेले. सगळे म्हणाले, नशीबवान हो उंदीर! पिंजाऱ्याचे कान ठणकायचे थांबले.

काही दिवस बरे गेले. मग चाकाचा आवाज कमी झाला. पुढं तो बंदच झाला. पिंजाऱ्याला वाटलं, मऊ अंथरूण मिळालं, आता कशाला उठतील? आपणही उठलो नसतो. झोपमोड नको म्हणून तो पेटीत फार डोकावलाही नाही.

एका सकाळी उन्हाची तिरीप फळीवर आली, तेव्हा बायको दाणे घालायला गेली. ती तिथंच थांबली.

"अहो," ती म्हणाली. "इकडं या."

तीळ वाटीजवळ पडला होता. निजल्यासारखाच दिसत होता. त्याच्या तोंडातून कापसाचा पेळू बाहेर आला होता, आणि पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. कुरतडायची सवय ती, गवतासारखा त्यानं कापूसही कुरतडला होता. गवत तुटतं. कापूस तुटला नाही, आत गेला आणि तिथंच बसला.

राई कोपऱ्यात होती. मागं कापसाचा बोळा ओढत ती सरकायला बघत होती. तिच्या पुढच्या उजव्या हाताला काहीतरी गुंडाळलं होतं.

पिंजाऱ्यानं तिला तळहातावर घेतलं आणि तो बोळा धरून ओढला. राई ओरडली. एवढ्याशा जिवाचा आवाज तो केवढा असणार! पण बायकोनं कानावर हात ठेवले.

"ओढू नका!"

त्यानं तिला उजेडात धरलं आणि पाहिलं. तो कापूस राहिलाच नव्हता. अंथरुणात राई जेवढ्या वेळा वळली, तेवढा त्याला पीळ पडला होता. पीळ पडला की कापसाचं सूत होतं, आणि सूत हातानं तुटत नाही. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गावातल्या बायका वाती वळताना, सूत काढताना त्यालाच विचारायला यायच्या. चाळीस वर्षांत हजार वेळा त्यानं त्यांना सांगितलं असेल, कापूस ओढू नका, पीळ घट्ट बसेल. आणि आता त्यानं स्वतःच्या हातानं तो घट्ट बसवला होता.

बायकोनं सुई आणि कातर आणली. राईला फडक्यात धरून तिनं एकेक धागा उचलला आणि कापला. पिंजाऱ्यानं आपले हात पाठीमागं धरले होते. शेवटचा धागा सुटला, तेव्हा खालचा पंजा काळा पडलेला दिसला.

त्यानं पेटी रिकामी केली. आतला कापूस ओला आणि गार लागत होता. वरून फुललेला, खाली लिबलिबीत. त्यानं रानात जाऊन सुकं गवत आणलं, मऊ ते निवडलं, भरपूर घातलं. खसखस लगेच कामाला लागली. राई तीन पायांवर लंगडत तिच्या मागून गेली. त्या दोघींनी पुन्हा गोल घर केलं, पण पहिल्यापेक्षा लहान.

पुढं राईचा तो पंजा गळून पडला. राई मात्र जगली.

तिळाला त्यानं परसात पुरलं. त्या दिवशी गावात कमानीचा आवाज झाला नाही. लोकांना वाटलं, पिंजारी आजारी आहे.

दुसऱ्या दिवसापासून तो रजई भरायला बसला. घरात होता तो सगळ्यात चांगला कापूस त्यानं काढला. पिंजला, पुन्हा पिंजला, मलमलीत भरला, बारीक टाके घातले. दुसऱ्या कुणाचं काम हातात घेतलं नाही.

"ही कुणाला?" बायकोनं विचारलं.

"खेळवाल्याला. अशी रजई कुणी पाहिली नसेल."

"त्याची माफी मागायचीय ना तुम्हाला?"

"हो."

"मग तोंडानं मागा."

"मला बोलायला जमत नाही. माझे हात बोलतात."

बायकोनं दातानं दोरा तोडला. "मागच्या वेळीही हातांनीच बोललात," ती म्हणाली.

पिंजाऱ्यानं मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला.

वारा मवाळ झाला, उन्हात बसावंसं वाटेनासं झालं, तेव्हा खेळवाला आला. तो यायच्या आधी त्याचा आवाज आला.

"दादा! वहिनी! नात झाली मला! नाक अगदी माझ्यासारखं आहे, बिचारीचं! कुठंयत माझी पोरं? त्यांना भाची झाली म्हणावं!"

पिंजाऱ्यानं पेटी आणून ओट्यावर ठेवली. खेळवाल्यानं झाकण उघडलं, जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ केलं. खसखस बाहेर आली. तिच्या मागून राई आली.

"आणि आमचे थोरले? तीळशेठ?" खेळवाल्यानं हसत आत वाकून पाहिलं. मग गवत बाजूला करून पाहिलं. मग त्यानं वर पाहिलं.

पिंजाऱ्यानं परसाकडं बोट दाखवलं.

एवढ्यात राई विहिरीकडं गेली होती. मालकाची टक्‌ टक्‌ ऐकली होती ना तिनं. ती काठावर दोन पायांवर उभी राहिली. डाव्या हातानं तिनं दोरा ओढला. उजवा हात पुढं केला, पण त्या हाताला धरायला काही नव्हतं. दोरा सुटला, बादली खाली गेली. तिनं पुन्हा ओढला. बादली पुन्हा खाली गेली. तिसऱ्या वेळी खेळवाल्यानं तिला उचलून घेतलं.

"थंडी फार पडली होती," पिंजारी म्हणाला. "म्हणून मी... कापूस..."

आत बायको श्वास धरून उभी होती. ओट्यावर ऊन होतं, वाट मोकळी होती, घाई कुणालाच नव्हती. बोलायला वेळ पुष्कळ होता. पण पिंजाऱ्यानं घरात हात घालून रजई ओढली आणि दोन्ही हातांवर घेऊन पुढं केली.

खेळवाल्यानं रजईवरून एकदा तळहात फिरवला. ती खरोखरच मऊ होती. त्यानं राईला सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी ठेवलं. खसखशीला पेटीत सोडलं. रजई हातात घेतली, नीट घडी घातली आणि पिंजाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. मग पेटी खांद्याला अडकवून तो घाटाच्या वाटेनं निघाला. ज्याच्या तोंडाला कडी नव्हती, तो एक शब्दही न बोलता गेला.

तात्पर्य: माया करण्याआधी ज्याच्यावर करायची त्याला काय सोसतं ते विचारावं. घेणाऱ्याच्या जिवावर येणारी ऊब फक्त देणाऱ्यालाच मऊ लागते.