खारवण्याच्या वाटेवर तिथी विचारतात

थांबा हो, पाव्हणे! चपला हातात घेऊन लगेच कुठे निघालात? टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाणारी ही वाट फार देखणी, मान्य. पण ती ओहोटीपुरतीच. भरती लागली की आधी हा मधला खळगा भरतो, मग पलीकडे अडकलेल्याला वर कडा आणि खाली पाणी. खळग्यातला तो वाकलेला काळा खडक दिसतो ना, त्याला भागूबाय म्हणतात. तिथी विचारल्याशिवाय आमच्या खारवणे गावचं माणूस त्याच्यापुढे पाऊल टाकत नाही.

भागूबाय मूळची इथलीच बाई, पाण्याची मोठी जाणकार म्हणे. इथे भरतीची वेळ तिथीवरून धरतात. दर तिथीला पाणी दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, उशिरा चढतं. सगळी वाडी तिला विचारून कालवं काढायला जायची, आणि ती मात्र कुणालाच विचारायची नाही. बोटांवर दिवस मोजले की झालं!

एके दिवशी तिने सून यमुनेला कालवांना धाडलं. यमुना पाच महिन्यांची पोटुशी, नवरा गलबतावर गेलेला. "आज पंचमी. उन्हं कलेपर्यंत बिनघोर काढ," भागूबाय म्हणाली.

यमुना चाचरत बोलली, "आये, देवळात गुरव आज चवथ म्हणत होते."

"काल आलेल्या पोरीने मला पाणी शिकवू नये!" सासूने फटकारलं. सून पाटी उचलून निघाली.

सून गेली, पण तिचे शब्द काही भागूबायच्या मनातून जाईनात. चूल पेटवली, ती विझली. भात ठेवला, तो करपला. चवथ तर काल झाली. पण एकच तिथी कधी दोन दिवस येते, हे तिलाही ठाऊक होतं. न राहवून ती देवळात गेली. गुरव म्हणाला, "अगं, या पंधरवड्यात चवथी दोन आहेत. आजही चवथच."

दोन घटकांची चूक! पाणी तेवढं आधीच चढणार! धावत किनाऱ्यावर आली तर खळग्यात मांडीभर पाणी, आणि सून टोकाआड, दिसेना. भागूबाय पाण्यात शिरली, मधोमध उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडू लागली, "यमुने, आज चवथ गं! माझं चुकलं! चवथ!" दर्यालाही तिने साकडं घातलं, असं सांगतात, की मला ने, पण तिला सोड.

यमुनेने हाक ऐकली. कालवांची पाटी तिथेच टाकून ती आवाजाच्या रोखाने आली. छातीभर पाण्यात सासूने तिचा हात धरून तिला पुढे लोटलं. यमुना काठाला लागली, वळून बघते तर भागूबाय नाही. ती उभी होती त्या जागी हा खडक होता.

यमुनेला मुलगी झाली. ती जाणती झाल्यावर यमुना वाटेवर उतरण्याआधी तिलाच विचारायची, "आज तिथी कोणती गं?" तेव्हापासून इथे थोरल्याने धाकट्याला विचारायचं, असा रिवाज पडला.

आजही विचारतात. हां, तुमच्यात सगळ्यात धाकटं कोण? ती पिवळ्या टोपीवाली? ये बाय, पुढे ये. मोबाइलात बघ हवं तर. साठ वर्षं ही वाट चालतोय मी, माझ्या मोजणीने आज षष्ठी आहे. पण माझी मोजणी इथे चालत नाही. तू सांग, आज तिथी कोणती?