टेकडीवर चालत गेलेलं घर

आज राजाबिजा काही नाही हं. राजे सगळे दमून झोपले. आज गोष्ट एका घराची. पाय वर घ्या, पांघरूण नीट ओढा, आणि दर दोन वाक्यांनी "मग काय झालं" असं विचारायचं नाही. मी सांगणारच आहे.

तर एक होतं घर. ते होतं सुलावेसी नावाच्या बेटावर. आपल्या किनाऱ्यावरून होडी सोडायची, लंका मागे टाकायची, आणि पुढे नुसतं पाणीच पाणी ओलांडत जायचं. मग लागतो इंडोनेशिया. हजारो बेटांचा देश. त्यातल्या या बेटाच्या पार टोकाला लापांगी नावाचं गाव होतं. मागे डोंगर, पुढे समुद्र. रस्ता तिथवर कधी पोचलाच नाही. अधूनमधून एक होडी यायची. येताना साबण, काडेपेट्या, रॉकेल आणायची. जाताना वाळलेल्या लवंगा न्यायची, आणि गावातली तरणी मुलं न्यायची. शाळा होती, पण चौथीपर्यंत. डॉक्टर पाण्यापलीकडे. कुणाचं पोट दुखलं तर आधी भरतीची वाट बघायची, बरं का.

मुलं जायची ती हौसेनं नव्हे. लवंगेनं घर चालेना, आणि समुद्र रोज थोडी थोडी जमीन खात होता. मग कुणी पाण्यापलीकडे पामतेलाच्या मळ्यावर गेला, कुणी शहरात ट्रक चालवायला, कुणी मोठ्या मासेमारी जहाजावर. गावात उरले म्हातारे, बायका आणि लेकरं.

त्या गावात बेच्चे नावाची एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला. एकच मुलगा, बादू. तो मळ्यावर गेला होता. बेच्चेचं घर अगदी किनाऱ्याला होतं. पूर्वी घरापुढे माडांची रांग होती. मग ते माड पाण्यात उभे राहिले. मग आडवे झाले. आता समुद्र बेच्चेच्या शिडीच्या खालच्या पायरीवर येऊन बसायला लागला.

तुम्ही म्हणाल, मग घर मोडावं, फळ्या वर न्याव्यात, पुन्हा बांधावं. मोठे शहाणे! तिथे तसं करत नाहीत. तिथली घरं लाकडाची, उंच खांबांवरची. खांब जमिनीत पुरत नाहीत, नुसते दगडांवर टेकवतात. आणि मधल्या एका खांबाला म्हणतात घराची बेंबी. घर बांधताना त्या खांबाला नारळ आणि गूळ बांधतात. गाव सोडून जाणारा माणूस जाताना त्या खांबाला हात लावतो, आणि परत आल्यावर आधी त्यालाच हात लावतो, मग आईला. खांब उपटला की घर मेलं. आणि घर मेलं की बाहेर गेलेल्या माणसाची वाट तुटली. असं मानतात ते.

म्हणून घर हलवायचं झालं तर अख्खंच हलवायचं. खाली लांब लांब बांबू बांधायचे, सगळ्या गावानं खाली शिरायचं, आणि घर खांद्यावर घेऊन चालायला लागायचं. चुलीसकट, मडक्यांसकट. आपल्याकडे खांदा देतात तो माणूस गेल्यावर. तिकडे घराला देतात.

आणि त्यात आणखी एक रीत होती. ती नीट ऐका. मुलाला मिसरूड फुटलं की त्याला बांबूखाली त्याची जागा मिळायची. अमक्याच्या उजवीकडे, तमक्याच्या पुढे. ती जागा त्याची, जन्मभर. तो मेला तरच तिथे दुसऱ्यानं उभं राहायचं. माणूस जिवंत असताना त्याच्या जागी कुणी उभं राहिलं तर काय अर्थ होतो? की गावानं त्याला मेलेला धरला.

मोठ्या उधाणाची पौर्णिमा जवळ येत होती. गावाचा वडीलधारा होता दाएंग मातुतु. दाएंग म्हणजे आपण दादा म्हणतो ना, तसं. तो पाणी बघून आला आणि म्हणाला, "बेच्चे, या उधाणाला तुझं घर राहत नाही. उद्याच टेकडीवर नेऊ."

बेच्चेनं सगळी रात्र बेंबीच्या खांबाला पाठ लावून काढली. घर गेलं तर गेलं, मी कुठेही पडेन, असं तिला वाटलं. पण बादू आला तर हात कशाला लावील?

मग सकाळी म्हातारे जमले. बांबू बांधले. एकेक जण आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. आणि मग सगळ्यांनाच दिसलं. इथे एक म्हातारा, मग रिकामं. तिथे एक म्हातारा, मग रिकामं, रिकामं, रिकामं. दाएंगनं आरोळी दिली. म्हाताऱ्यांनी जोर केला. घर वीतभर उचललं, डगमगलं, आणि धप्पदिशी पुन्हा दगडांवर बसलं. एका आजोबांचा गुडघा गेला. झालं.

दुसऱ्या दिवशी रेडे आणले. दोर बांधले. रेडे बिचारे जीव खाऊन ओढत होते. घर हललं नाही, पण कण्हलं. खरंच कण्हलं. बेंबीच्या खांबातून असा आवाज आला की बेच्चे धावत जाऊन दोरावर पडली. "सोडा," म्हणाली, "सोडा ते. मोडतंय माझं घर." रेडे सोडले.

तिसऱ्या दिवशी दाएंगनं सगळ्यांना बोलावलं. त्याचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, "एकच उपाय आहे. बायकांनी आणि पोरांनी रिकाम्या जागा भरायच्या."

मग तिमांग उठली. ही बेच्चेची शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा मुलगा रासे जहाजावर गेला होता. त्याचा निरोप येऊन वर्षं झाली होती. गावात लोक हळू आवाजात बोलायचे, की ते जहाज बुडालं. तिमांगसमोर मात्र कुणी बोलायचं नाही.

तिमांग दाएंगवर कडाडली. "माझा रासे जिवंत आहे! त्याच्या जागेवर पाय ठेवणाऱ्याचे पाय मोडीन मी!"

मग बाकीच्या आयाही उठल्या. माझाही जिवंत आहे, माझाही जिवंत आहे. नुसता कालवा. आणि चूक कुणाची म्हणणार? आई आहे ती. घर बुडेल म्हणून मुलाला मेला म्हणेल का?

घर तर बेच्चेचंच बुडणार होतं. ती उठली, लुगडं खोचलं, आणि घराखाली गेली. बादूच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

तिमांग म्हणाली, "अगं बेच्चे, काय करतेस? पोटच्या पोराला मारतेस?"

बेच्चे म्हणाली, "मी त्याची जागा भरत नाहीये, तिमांग. राखतेय. लहानपणी तो झोपायच्या आधी त्याची चटई मी अंगानं ऊबदार करायचे, तशी. तो आला की उठेन."

बांबू तिच्या डोक्याच्याही वर होता. ती हात उंच करून उभी. मग कुणीतरी तिच्या पायाखाली लाकडाचा ओंडका सरकवला. पण ओंडक्यावर उभं राहून चालणार कसं? मग बांबू खाली बांधून घेतले, बायकांच्या उंचीला. म्हातारे वाकून उभे राहायला तयार झाले. एकेक आई आली. एकेक बायको आली, बहीण आली. शेवटी तिमांग आली. रडत आली, आणि बेच्चेच्या शेजारी रासेच्या जागेवर उभी राहिली.

दाएंगनं आरोळी दिली. घर उचललं. पण जड! असं जड, की डोळ्यांपुढे अंधारी आली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. टेकडी तर अजून दूर होती.

आता ऐका काय झालं ते.

पाण्यापलीकडे, मळ्यावर, बादू पामच्या फळांचे घड वाहत होता. एकदम त्याच्या उजव्या खांद्यावर ओझं आलं. घड तर खाली ठेवलेला. खांद्यावर काहीच नाही. पण ओझं होतं, बांबूसारखं गोल, हाडावर रुतणारं. बादूला ते ओळखू आलं. त्यानं गुडघे वाकवले, पाय रोवले, आणि सगळं बळ लावून वर उचललं. हवाच उचलली म्हणा ना. मुकादम ओरडला, "काय रे, भूतबाधा झाली की काय?"

बादू म्हणाला, "नाही. आमचं घर चाललंय."

आणि तो चालायला लागला. पाऊल, पाऊल, पाऊल. तिकडे शहरात एकानं भर रस्त्यात ट्रक थांबवला आणि खाली उतरून चालायला लागला. एक जण खाणीत होता, तो वाकून चालायला लागला. लोक हसले. हसू देत.

इकडे लापांगीत घर हलकं झालं. एकेका बाईला कळलं, की आपल्या खांद्याखाली आणखी एक खांदा आहे. कुणी बोललं नाही. बोललं तर जाईल अशी भीती. सगळ्या रडत होत्या आणि चालत होत्या. घर टेकडी चढलं, आणि नव्या दगडांवर अलगद बसलं. चुलीतली राखसुद्धा सांडली नाही. मग घर टेकल्यावर करतात ती मुगाची गुळाची खीर झाली, आणि एरवी बायका ढवळायच्या ती त्या वर्षी पहिल्यांदा म्हाताऱ्यांनी ढवळली, कारण बायका दमल्या होत्या.

हात धुताना बेच्चेनं तिमांगचा खांदा बघितला. काळानिळा झाला होता, सुजला होता. बाकी सगळ्यांच्या खांद्यावर नुसता लाल वळ. बेच्चेला सगळं समजलं. तिमांगच्या खांद्याखाली कुणीच आलं नव्हतं. तिनं आपलं ओझं एकटीनं टेकडीवर नेलं होतं, आणि हूं की चूं केलं नव्हतं. बेच्चेनं तिच्या खांद्याला खोबरेल लावलं.

पौर्णिमेला उधाण आलं. बेच्चेच्या घराचे जुने दगड पाण्याखाली गेले.

मग काही दिवसांनी होडी आली, आणि होडीतून बादू उतरला. किनाऱ्याकडे बघतो तर घर नाही! नुसतं पाणी. तो तिथेच ओल्या वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग मान वर केली. टेकडीवर घर उभं होतं, आणि चुलीचा धूर निघत होता. धावला. आधी बेंबीच्या खांबाला हात लावला, मग आईला. आईनं त्याच्या सदऱ्याची बाही सरकवली आणि उजव्या खांद्यावरचा वळ बघितला. म्हणाली, "तूच होतास." तो म्हणाला, "हो आई." जेवताना बेच्चेनं त्याला तिमांगच्या खांद्याचं सांगितलं. हळूच सांगितलं.

पुढच्या उधाणाआधी तिमांगचं घर हलवायचं ठरलं. आता बादू होता, आणखी दोघे-तिघे परतले होते. बादू घराखाली आला तेव्हा बेच्चे त्याच्या जागेवरून उठली. "घे बाबा तुझी," म्हणाली, आणि खिरीकडे गेली. शेजारी तिमांग उभी होती. रासेच्या जागेवर. तिला बाजूला हो म्हणायची हिंमत दाएंगलाही झाली नाही.

दाएंगनं आरोळी दिली. बांबू वर आला. बादू उंच होता, चांगला दांडगा. बांबू बायकांच्या उंचीलाच बांधले होते, म्हणून बाकी पुरुष वाकून चालले होते, तो एकटा ताठ उभा राहिला. त्याच्या बाजूचा बांबू त्याच्यासोबत वर गेला. तिमांगच्या खांद्यापासून दोन बोटं वर. तिचा वाटा त्यानं आपल्या मानेवर घेतला. दात आवळले होते, कपाळावरची शीर फुगली होती, पण तो वाकला नाही. टेकडीच्या माथ्यापर्यंत नाही.

वाटेत तिमांग एकदम ओरडली, "अगं बेच्चे, आला! माझा रासे आला! ओझंच नाही गं खांद्यावर!"

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना बादूची मान दिसत होती. मागून चालणाऱ्या पोरांनाही दिसत होती. अख्ख्या गावातून एक माणूस बोलला नाही.

तिमांगला कळलं नसेल का? मला विचाराल तर कळलं असेल. शेजारी धापा टाकणाऱ्याचा श्वास का ऐकू येत नाही? पण घर टेकल्यावर तिनं आधी बादूच्या मानेवरून हात फिरवला, आणि मग स्वतः उठून त्याच्या ताटात खीर वाढली. पोट फुटेस्तोवर वाढली.

मग एकेक करत सगळं गाव टेकडीवर गेलं. मुलं अजूनही होडीनं जात होती. पोट आहे ना. पण जाताना खांबाला हात लावून जायची, आणि जमेल तशी परत यायची. समुद्र खाली राहिला, लवंगा वर वाळत राहिल्या, आणि सगळी माणसं आपापल्या घरात सुखानं राहिली. तिमांगसुद्धा.

चला, आता डोळे मिटा. हो हो, मी इथेच बसलेय.