अनवाणी पळणाऱ्याची भीती

“…पण माताजी, ही भीती जायची कधी?”

विचारतानाही भरतेश मगदूमची नजर पायाखालीच होती.

जैन साध्वी आर्यिका माताजी सकाळी विहाराला निघाल्या होत्या, म्हणजे या गावाहून पुढच्या गावाला, पायी. दीक्षेपासून त्यांच्या पायात चप्पल नव्हती. हातात मोरपिसांची पिंछी. मंडळी मागून येत होती आणि रिवाजाप्रमाणे अंतर ठेवून भरतेश त्यांच्या बाजूने चालत होता. तोही अनवाणी.

“कशाची भीती?”

“सराट्याच्या काट्याची. काचेची. परवा मैदानात खिळा होता.”

“रुतला?”

“नाही… दिसला.”

माताजी चालत राहिल्या.

“बूट घालून पळलो की गुडघे धरतात, म्हणून अनवाणी सुरू केलं. पाऊल कसं टाकायचं, श्वास कसा घ्यायचा, व्हिडिओ बघून सगळं पाठ झालंय. चार लोकांना मीच शिकवतो.” तो जरा थांबला. “पण पळताना दर पावलाला वाटतं, आता रुतणार…”

“मग पळू नकोस.”

“असं कसं? वडील माझ्याच वयात गेले, माताजी. दुकानात, बसल्या जागी. माझी मुलगी अजून पाचवीत आहे.”

भरतेशने वाटेतला एक खडा चुकवून पाऊल टाकलं.

“बसलो की वडील आठवतात. पळलो की काटे. मी करू काय?”

…

जयसिंगपुरात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गावाला नीट दिसावं म्हणून दिवसभर खपायचा आणि स्वतःला मात्र जिथे तिथे काटेच दिसायचे.

“आपले तळवे आता घट्ट झाले असतील,” तो म्हणाला. “काही लावता का?”

“नाही. मलाही काटा रुततो.”

भरतेशचा चेहरा पडला. हे ऐकायला तो एवढ्या पहाटे उठून आला नव्हता.

मग त्याला एक गोष्ट सुचली आणि जरा धीर आला.

“आपणसुद्धा खालीच बघून चालता की! सारखी नजर चार हात पुढं. म्हणजे भीती आपल्यालाही आहेच…”

माताजींनी पिंछी आडवी धरली.

“थांब. मुंग्या.”

वाट ओलांडून काळ्या मुंग्यांची रांग चालली होती, तोंडात पांढरी अंडी. भरतेशचं उचललेलं पाऊल नेमकं त्यांच्यावरच पडणार होतं. तो हेलपाटला, कसाबसा बाजूच्या बांधावर उतरला आणि तिथेच वाकला.

“मेली का एखादी?”

एक मुंगी अंडं टाकून गोल गोल फिरत होती. भरतेश श्वास रोखून बघत राहिला.

…

मुंगीला अंडं सापडलं. ती रांगेत शिरली. शेवटची मुंगी पलीकडच्या गवतात जाईपर्यंत तो हलला नाही.

“वाचल्या सगळ्या!” तो हसला. मग त्याला आपलं काम आठवलं आणि कपाळावर पुन्हा आठी आली.

“माताजी, माझ्या भीतीचं… आपण काहीच सांगितलं नाहीत.”

माताजींनी पिंछीने त्याच्या टाचेकडे दाखवलं. सराटा पार आत गेला होता. भोवती रक्त सुकत आलं होतं. भरतेशने पाय उचलून पाहिला.

“हा केव्हा रुतला?”