मागची वाट

फार जुनी गोष्ट. तेव्हा उंदीरसुद्धा घर बांधायला मजूर लावत. भुईमुगाच्या शेतातल्या एका उंदराने बीळ खणायचं काम घुशीला दिलं. मजुरी शेंगांत ठरली होती, आणि काम अर्ध्यावर असतानाच शेंगा संपत आल्या.

घूस म्हणाली, "भाऊ, एवढ्यात एकच होईल. पुढचं दार रुंद करू, की मागची वाट काढू?"

"मागची वाटच काढा," उंदरीण म्हणाली.

"ती बघायला कोण जातंय?" उंदीर खेकसला. "वास्तुशांतीला पाहुणे पुढून येणार. दारात अडकले तर माझं नाक कापलं जाईल!"

उंदरीण पिल्लं घेऊन माहेरच्या बिळात निघून गेली. वास्तुशांतीला सगळ्यांनी दाराचं तोंडभर कौतुक केलं. उंदीर तर असा मिरवत होता, जणू दारातच संसार थाटायचाय.

पाहुणे गेल्यावर बांधावरचा नाग आला आणि थेट आतल्या खोलीत पोचला.

"दार छान ऐसपैस केलंय हो," तो म्हणाला. "इतरांकडे जाताना अंग खरचटतं."

यजमान मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. मागची वाट तिथूनच निघायची होती.