जावखडकाची शेवटची गाठ

परवा शाल्मलीने झोपेत सुलूमावशीला "आई" म्हटलं आणि नीरजाची झोप उडाली. मुलांच्या मानसशास्त्राचं पुस्तक याला स्वाभाविक म्हणत होतं. ते पान तिने दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, लिहिणाऱ्याला मूल नसणार. म्हणून मुलीला सांभाळणाऱ्या सुलूमावशीने "चार दिवस बाळीला माझ्या गावी नेऊ का?" विचारलं, तेव्हा नीरजाही बॅग भरून निघाली. बदल हवा म्हणून, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेला काळा खडक आहे, जावखडक. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन खळगे आहेत, दोन बाया मांडी घालून बसून उठल्यासारखे. एकात सुलूचे वडील भिकाआबा बसले होते. दुसऱ्यात सुलू, आणि तिच्या मांडीवर शाल्मली. नीरजा उभी होती. सुलू गळाला कोंबड्याची पांढरी पिसं बांधत होती.

"ह्यो पिसाचो पेडवो," आबा म्हणाले. पेडवा म्हणजे बोटभर चंदेरी मासळी, मोठ्या माशांचा खाऊ. "आणि दोन जावांनी ह्यो खडक गाजवलो."

गोष्ट फार जुनी, असं सांगतात. भागू थोरली जाऊ, लाडी धाकटी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दोघींचे नवरे याच खडकावरून गळ टाकत. पण उधाणात आमिषाला जिवंत पेडवा मिळेना. तेव्हा भागूने म्हणे चार पांढरी पिसं गळाला बांधली, पाठीसाठी स्वतःचे काळे केस लावले, डांबराच्या ठिपक्याचे डोळे दिले. पाण्यात पडताच तो मासा असा काही पोहू लागला, की हातभर रावस त्यावर धावून आला.

लाडीनेही बांधला. तीच पिसं, तोच दोरा. पण भागूची चार, तर हिची चौदा. तो भिजला आणि केरसुणीसारखा बुडाला. गावातल्या बाया थोरलीचे हात बघायला येत आणि धाकटीला विचारीत, "तुका नाय गो जमत?" लाडी हसून चहा ठेवी. आतून जळे.

"चहा तेव्हा कुठला, बाबा?" सुलू म्हणाली.

"बरां, पेज ठेवी. जळणां ताच."

एके दिवशी माशाच्या कल्ल्याने भागूचं बोट चिरलं. पिसाचा मासा बांधून झाला होता, पिसं आणि दोर दोन्ही गळाला आवळणारी शेवटची गाठ तेवढी राहिली होती. तिने तो लाडीच्या हातात दिला. लाडीने तीनऐवजी एकच वेढा घेतला आणि दोरा तोडला. थोरल्याचा रावस सुटावा, एवढीच तिची इच्छा.

पण त्या सकाळी तो मासा धाकट्याने उचलला. रावस लागला, धाकट्याने सारं अंग मागे टाकून ओढलं, गाठ सुटली, पिसं आणि दोर गळावरून निसटले. ताण एकाएकी गेला तसा तो तोल जाऊन कडेवरून लाटेत पडला. थोरल्याने आपला दोर फेकला. त्याला भागूचा जुना मासा होता, आणि त्याचा गळ धाकट्याच्या कमरेच्या वस्त्रात अडकला. बोटभर मासळीने बाप्या ओढून काढला, असं सांगतात. ती गाठ सुटली नाही.

लाडीने सगळ्यांदेखत कबूल केलं. भागूने पिसं आणि दोरा पुढे ओढला. मग नवीन मासा बांधायला बसली आणि शेवटच्या गाठीला थांबून तो लाडीपुढे धरला. "मार गो. माझ्या माशाची शेवटची गाठ यापुढे तूच मारूची."

आजही या गावात पिसाचा मासा कोणी एकट्याने पुरा करत नाही. "जेका आपलो हेवो वाटता," आबा म्हणाले, "तेच्याच हातात देवची गाठ."

सुलूचा मासा बांधून होत आला होता. गाठ मारायला आबा होते, जवळ दोन शेजारीही उभे होते. सुलूने वर न बघता तो नीरजापुढे धरला.

"घ्या वहिनी. दोरा ताणून धरा."

म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, हे विचारण्यात अर्थ नव्हता. नीरजा खाली बसली. तिने दोरा ताणून धरला. एक वेढा घेतला. इथेच दोरा तोडता आला असता, आणि हे आपल्या मनात येऊन गेलं याची तिला लाज वाटली. दुसरा घेतला. तिसरा. मग भरवसा वाटेना म्हणून चौथा, पाचवा, पिसांच्या मुळाशी पार आवळून सहावा.

शाल्मली मावशीच्या मांडीवरून उतरली आणि जवळ येऊन वाकून बघू लागली.

"आई, पुरे आता," ती म्हणाली. "त्याला पोहायचंय."