पळसपरीचा हंडा

पळसाच्या रानाला लागून एक गाव होतं. इतकं इवलंसं, की एका टोकाला कोंबडा आरवला की दुसऱ्या टोकाची माणसं त्याच आरवण्याने जागी होत आणि दुसरा कोंबडा पाळण्याचं काम वाचे. त्या गावात वेणू नावाची एक मुलगी राहायची. डोळे टपोरे, वेणी उंदराच्या शेपटीएवढी आणि पोट बहुतेक वेळा रिकामं.

वेणूची आई सगुणा पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची. लग्न असो, बारसं असो, गावातली प्रत्येक पंगत तिच्याच पत्रावळींवर बसायची. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, सगळं तिच्या पानांनी पाहिलेलं होतं. तिच्या घरात पानांचे ढीग असत, फक्त त्यांवर वाढायला काही नसे. त्यातून फाल्गुन आला की पळसाची पानं गळून जात आणि रानभर केशरी फुलांचे चिमुकले दिवे लागत. येणारे-जाणारे थबकून म्हणत, काय शोभा आहे. आई म्हणायची, पानं संपली.

आईची एकच सक्त शिकवण होती. भूक कुणापुढे सांगायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, पोट भरलंय, आत्ताच जेवून आले. गावाची रीतच होती ती. ज्याच्या घरात चूल पेटलेली नसे, तोच ओट्यावर येऊन सगळ्यांत मोठा ढेकर द्यायचा.

दुपारी शाळेची मधली सुट्टी झाली की डबा असलेली मुलं पडवीत बसत. पाटलांची शालन चार पुडांचा चकचकीत डबा उघडायची आणि त्याची झाकणं आरशासारखी फिरवत बसायची. वेणू आणि तिच्यासारखी काही मुलं ‘घरी जेवून येतो’ असं सांगून शाळेमागच्या पळसाखाली जात आणि भातुकली मांडत. फाटक्या पत्रावळींवर वाळूचा पांढराशुभ्र भात, चिंचोक्यांची उसळ, फुलांच्या पाकळ्यांची केशरी कोशिंबीर. सगळं असायचं, फक्त वाफ नसायची. आणि वेणूला ओढ होती ती वाफेची. गरम भात कसा असतो ते ती बाकीच्यांना सांगायची. आधी वास येतो, मग बोटांना चटका बसतो, मग घास तोंडात इकडून तिकडे फिरवावा लागतो. ऐकता ऐकता सगळी मुलं वाळूवर हळूच फुंकर घालू लागत.

वेणू एक पान जास्तीचं मांडायची, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. एके दिवशी घंटा झाली, मुलं पळाली, वेणू पानं आवरायला मागे राहिली, आणि पाहते तर त्या पानावर कुणीतरी बसलेलं. पोपटाएवढीशी परी. अंगात पळसाच्या पाकळ्यांचा झगा, पाठीला चतुराचे असतात तसे झिरझिरीत पंख, पंखांवर दवाचे टिपके. तिने वाळूचा भात बोटाने टोकरून पाहिला आणि म्हणाली, “मला भूक लागली आहे.”

वेणू दचकली. हे वाक्य तिने आजवर कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं.

तिच्या ओच्यात भाकरीचा एक तुकडा होता. संध्याकाळपर्यंत तोच पुरवायचा होता. तिने एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा परीच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे, आणि तो पानावर ठेवला. “घे परीताई. ही खरीच आहे, वाळूची नाही.”

परीने सगळी भाकरी खाल्ली, कण मुंग्यांना दिले आणि हात झटकले. “फार वाळली होती,” ती म्हणाली. पऱ्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे त्यांना फारशी आमंत्रणं येत नाहीत. “पण तू ती मनापासून दिलीस. माग, बाळे. एकच इच्छा.”

वेणूच्या डोळ्यांपुढून जरीचं परकर-पोलकं गेलं, घुंगुरवाळे गेले, वाटीभर खीर गेली. मग तिची नजर त्या फाटक्या पानांवरच्या वाळूवर पडली. “शाळेत दुपारी सगळ्यांना गरम जेवण मिळू दे,” ती म्हणाली. “रोज.”

परीने नाक चोळलं. परीलोकातही इच्छा सरळ पदरात पडत नाही, तिला नियम चिकटलेले असतात. उद्या मधल्या सुट्टीत या पळसाखाली खिचडीचा हंडा उभा राहील, असं म्हणून परीने ते समजावून सांगितले. जेवणाबद्दल कुणाकडून काही घ्यायचं नाही. सगळ्यांनी एकाच पंगतीत बसायचं. पालेभाजी बाजूला काढून ठेवायची नाही, यावर रडारड चालणार नाही.

“आणि शेवटचा नियम,” परी हळूच म्हणाली. “ज्याला भूक आहे, त्याने ती आपल्या तोंडाने सांगायची. कुणी उपाशी असून पोट भरलंय म्हणालं, की हंड्याखालचा जाळ विझत जाईल. तू आधी कुणाला पढवून ठेवायचं नाहीस. उद्या सुट्टी संपेपर्यंत उकळी आली नाही, तर हंडा पुन्हा दिसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पळसाखाली तीन दगडांवर तांब्याचा लखलखीत हंडा उभा होता. खाली लाकडांशिवायच केशरी जाळ नाचत होता. आत तांदूळ होते, मूगडाळ होती, गाजराच्या चकत्या, मटाराचे हिरवे मणी, शेवग्याचा कोवळा पाला. सगळं थंडगार पाण्यात तरंगत होतं. गुरुजींनी हंड्याभोवती एक फेरी मारली. तो कुणी पाठवला याचा कुठेच काही पत्ता नव्हता, त्यामुळे ते जरा अस्वस्थ झाले. पण मुलं आधीच रांगेत बसली होती. तेव्हा त्यांनी विचारलं, कुणाकुणाला जेवायचंय?

पहिला मुलगा म्हणाला, मी जेवून आलोय. जाळ थोडा खाली बसला. दुसऱ्या मुलीच्या घरी म्हणे सकाळीच शिरा झाला होता. जाळ आणखी बसला. खुद्द खडूसारखे बारीक गुरुजीही म्हणाले की आपली न्याहारी अंमळ जडच झाली आहे. जाळाची एवढीशी पाकळी उरली.

“वेणूला तर विचारूच नका, गुरुजी,” शालन हसली. “तिच्याकडे रोज पुरणपोळी असते.”

आणि ते वेणूनेच तिला सांगितलेलं होतं. शिपाई घंटेकडे निघाला. वेणूच्या डोळ्यांपुढे आई आली, पानांच्या काड्या टोचून चाळण झालेली तिची बोटं आली, आणि तरीही गावातून ताठ मानेने जाणारी तिची चाल आली. आता बोललं तर आईची मान खाली जाईल. नाही बोललं तर ही पाकळी विझेल.

वेणू उठून उभी राहिली. “मला भूक लागली आहे,” ती म्हणाली. “पुरणपोळीचं मी खोटं सांगितलं. कालही भूक होती. मला गरम भात हवाय.”

कुणी हसलं नाही. मग रांगेतला सगळ्यांत धाकटा खंडू म्हणाला, “मला पण.” मग शिरावाली म्हणाली. मग जणू गाठोडंच सुटलं. गुरुजींनी चष्मा काढून उगाचच पुसला. “मलाही रे मुलांनो,” ते म्हणाले. “बऱ्याच दिवसांपासून.” सगळ्यांत शेवटी शालनने आपल्या डब्याचं झाकण लावलं. आपल्या पुऱ्या थंड असतात, ती म्हणाली, आणि त्या एकटीलाच खाव्या लागतात. इथे जागा मिळेल का? वेणू सरकून बसली.

डुबुक, हंडा म्हणाला. मग डुबुक डुबुक. मऊ, पांढरी वाफ उठली आणि पळसाच्या फुलाफुलांतून वर गेली. सोनेरी खिचडीत गाजराच्या चांदण्या चमकल्या. मुलांनी सवयीने फुंकर घातली. आज ती खरोखरच घालावी लागत होती. शेवग्याचा पालाही सगळ्यांनी खाल्ला. घरी आईने वाढला असता तर निम्मा मांजराला गेला असता.

त्या गावात बातमीला पाय लागत नसत, पंखच असत. सगुणाची पोर भर शाळेत उपाशी म्हणून उभी राहिली, हे सगुणाच्या कानावर गेलं आणि ती तरातरा आली. ओठ घट्ट मिटलेले. वेणूचा घास हातातच राहिला. पण आई पंगतीपाशी येऊन थांबली. तिने एकेका मुलाचं तोंड पाहिलं, मग आपल्या मुलीचं पाहिलं, आणि तिचे मिटलेले ओठ सैल झाले.

हंड्याच्या काठावर परी बसली होती. “माझं काम आजच्यापुरतंच,” ती म्हणाली. “हंडा रोज भरलेला असेल, पण ढवळायला माणूस लागेल. भूक ओळखणारा हात हवा. त्या हाताच्या घरीही दोन्ही वेळा चूल पेटेल.”

गुरुजींनी पळी सगुणापुढे धरली. तिने ती घेतली, हंडा तळापासून ढवळला, आणि उरलेल्या मुलांना वाढलं. मग वेणूने तिच्यासाठी पान मांडलं. “आई, तू जेवलीस?”

“पोट...” आई सवयीने बोलू लागली. जाळ थरथरला. आईने त्याच्याकडे पाहिलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “कालपासून नाही. वाढ मला.”

वेणूने वाढलं. त्याच क्षणी पळसावरचं फूलन् फूल आतून उजळलं, सारं रान केशरी झालं, आणि त्या उजेडात परीचा झगा, पंख, पंखांवरचे दवाचे टिपके हळूहळू विरघळून गेले. वेणू हात हलवत राहिली. तिला परीताई अजून थोडी हवी होती.

आई मान खाली घालून जेवत होती. पान संपलं तेव्हा तिने कुणाकडेही न पाहता ते पुढे सरकवलं आणि म्हणाली, “आणखी थोडं.”